बायकांची जागा

धुळ्याला महिला सदस्यांचं प्रशिक्षण भरलं होतं आणि मी हजेरी घेत होते. एका बाईंचं नाव पुकारलं, तर मागच्या रांगेतून टोपीवाले एक गृहस्थ उठून "हजर" म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, सदस्य बाई आहेत." ते अगदी शांतपणे म्हणाले, "हो, पण घरी म्हैस व्यायली आहे. मी सगळं ऐकून घेतो आणि तिला सांगतो." सभागृहात कुणी हसलं नाही. हसणार कोण? निम्म्या खुर्च्यांवर असेच बायकांच्या वतीने आलेले नवरे, दीर आणि सासरे बसले होते. ते गृहस्थ दिवसभर बसले, 'महिला सबलीकरण' असं छापलेली कापडी पिशवी आणि पुस्तिका घेतली आणि नरडाण्याच्या गाडीने घरी गेले. त्यांनी बायकोला काय सांगितलं, मला माहीत नाही.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. पंचायतींत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या आणि पाठोपाठ सरपंचपदंही राखीव झाली. त्याआधी कितीतरी वर्षं मी ग्रामसेविका होते. हा हुद्दा आता कुणाला आठवत नाही. बिनधुराच्या चुली, बालवाडी, महिला मंडळ, लसीकरणाला बायका गोळा करणं आणि घरोघर 'संडास बांधा, संडास बांधा' म्हणून सांगत फिरणं, हे आमचं काम. पुढे ग्रामसेवक कमी पडू लागले, तशी आमच्यातल्या काहींकडे पंचायतीची दप्तरंही आली. म्हणजे सभा बोलवायची, ठराव लिहायचे, सह्या घ्यायच्या. सरपंच बाई असेल तर ठरावाची वही तिच्या घरी पाठवायची रीत होती. पंचायतीचा शिपाई वही घेऊन जाई, बाई चुलीपुढून उठून पदराला हात पुसून सही करी, आणि ती सभेला हजर होती असं कागदावर होई. मी वही पाठवत नसे, बाईंनाच बोलवत असे. त्यामुळे माझ्या बदल्या जरा लवकर लवकर होत.

तर अशीच एक बदली होऊन मी दोंडाईच्याकडच्या एका गावात आले. नाव लिहीत नाही, त्या गावातली माणसं अजून आहेत. तिथलं सरपंचपद राखीव होतं ते अनुसूचित जातीतल्या बाईसाठी. बौद्धवाड्यातल्या देवकाबाई निवडून आल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, विधवा, कापूस वेचायला आणि निंदणीला जाणाऱ्या. उपसरपंच होते आबा. गाव त्यांना फक्त आबाच म्हणे. मोठी बागायत, तीन मुलगे, तिघांची लग्नं झालेली. देवकाबाई वर्षानुवर्षं आबांच्याच शेतात कामाला जात होत्या, आणि त्यांना उभं करायचं आबांनीच ठरवलं होतं. दिवसा आबांच्या वावरात, महिन्यातून एकदा आबांच्या शेजारच्या खुर्चीवर, असा हिशेब होता.

आबा वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं. मी गावात गेले की उन्हाचं घरी बोलवून ताक द्यायचे. मला कधी एकेरी हाक मारली नाही. गावात भांडण झालं तर मिटवायला तेच जात. फक्त गाव आपलं आहे आणि आपण सांगू तसं ते चालतं, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. संडासाचा विषय मी त्यांच्याकडे अनेकदा काढला. मोठ्या घरात झाला म्हणजे बाकीचे बांधतील, हा आमच्या खात्याचा ठोकताळा. आबा म्हणत, "बाई, तुम्ही शिकेल मानूस, तुम्हीच सांगा. देव्हारा आनि ती जागा एकाच छपराखाली? मना बापनी कधी कयं नही."

त्यामुळे त्यांच्या घरातल्या बायकाही गावातल्या बाकी सगळ्या बायकांसारख्याच गोदरीला जात. गोदरी म्हणजे गावाबाहेरची, बायकांनी जायची जागा. नाल्याच्या अलीकडे गावठाणाचा एक पट्टा, बाभळी आणि तरवडाची झुडपं. एका अंगाला बौद्धवाड्यातल्या आणि भिल्लवस्तीतल्या बायका, दुसऱ्या अंगाला पाटलांच्या. मध्ये कुणी रेघ मारलेली नव्हती, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. पहाटे आणि दिवेलागणीला त्या जागेकडे पुरुष फिरकत नसत. घरून निघालेली बाई परत येईपर्यंत तिला कुणी हाक मारत नसे. सून सासूच्या नजरेआड तेवढाच वेळ असे. माहेरचा निरोप, दवाखान्याची गोष्ट, कुणाला मार बसला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं तिथे बोललं जाई. महिला मंडळाची सभा घ्यायची तर मी गावात आठ-आठ दिवस आधी सांगत फिरायची आणि चार बायका जमायच्या. इथे मात्र बोलावणं न जाताही सगळ्या जमत. दुर्गंधी आणि लाज यांच्यामध्ये बसून त्या मोकळं बोलत, कारण दुसरी जागाच नव्हती.

मी त्या गावात गेले त्या वर्षी आबांनी आपलं खळं वाढवलं. खळं म्हणजे मळणीची, माल ठेवायची जागा. गोदरीचा पट्टा खळ्याला लागूनच होता. काटेरी कुंपण पुढे सरकलं आणि पट्टा आत गेला. पुरुषांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांची जागा दुसरीकडे होती. बायकांना नाल्यापलीकडे डांबरी रस्त्याच्या कडेला जावं लागू लागलं. रस्त्यावरून ट्रकचे दिवे आले की उठून उभं राहायचं, दिवे गेले की पुन्हा बसायचं. गरोदर बायका, म्हाताऱ्या, सगळ्यांचं हेच. कित्येक जणी दुपारपासून पाणी पिणं सोडत.

देवकाबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हाई सभामा काढता यी का?"

मी म्हटलं, "तुम्ही सरपंच आहात. तुम्ही काढलं तर निघेल."

"मी आबासना वावरमा कामले जास."

"ते मला माहीत आहे."

त्या उठून निघून गेल्या. ग्रामसभेचे विषय मी नोटिशीवर लिहून चिकटवले, तेव्हा त्यांनी सांगितल्यावरून एक ओळ वाढवली, 'महिलांच्या सोयीच्या जागेबाबत'. सरकारी मराठीत यापेक्षा स्पष्ट लिहिता येत नाही.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. पुरुष पारावर आणि खाली, बायका लांब भिंतीशी. एरवी त्या येत नसत, त्या दिवशी आल्या. आबांची धाकटी सून संगीता पंचायतीची सदस्य होती. बायकांची एक जागा भरायची होती म्हणून आबांनी तिला उभं केलं होतं. माहेर पाचोऱ्याचं, दहावी झालेली. सभेत ती पदर नाकापर्यंत ओढून बसे आणि आबांचा हात वर गेला की तिचा जाई. तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

विषय आला तेव्हा आबांनी विचारलं, "महिलांच्या सोयीची जागा? कोनती जागा?"

देवकाबाई उभ्या राहिल्या. "आबा, तुमना खळानं कुंपन आमनी जागावर उनं शे."

"कोनती जागा, नाव सांग ना. बठ्ठा गावले समजू दे."

पारावर हसू फुटलं. आबांना ठाऊक होतं की एवढ्या पुरुषांत बाई ते नाव घेणार नाही आणि विषय तिथेच संपेल. देवकाबाईंनी पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "बायास्नी हागानी जागा."

हसू अजून वाढलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. देवकाबाई बसल्या नाहीत. हसणं संपायची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हसा. तुमनी माय बी तठेच जास."

आबा जरा गंभीर झाले. "देवकाबाई, तुमना वाड्यानी अडचण शे ना? मंग तुमना वाड्यापुरतं बोला. बठ्ठ्या बायास्नं नाव घेऊ नका. कोनी तक्रार करेल नही."

कोणी तक्रार केलेली नाही, हे खरंच होतं. भिंतीशी बसलेल्या बायका खाली मान घालून होत्या. आणि तेव्हा पदराआडून आवाज आला, अगदी बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आबा, मी बी तठेच जास."

संगीता बोलली होती. सासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि ती बोलली ती चारशे माणसांसमोर, आणि या विषयावर. पारावरचं हसणं थांबलं. आबांनी सुनेकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहा बाई. काय लिहायचं ते लिहा." आणि उठून घरी गेले.

ठराव झाला. ठराव होणं आणि कुंपण निघणं यात किती अंतर असतं, ते आमच्या खात्यातल्या माणसाला सांगायला नको. तलाठी मोजणीला येतो म्हणाला आणि आला नाही. मी शिंदखेड्याला तहसीलीत खेपा घातल्या. शेवटी एके सकाळी, चांगलं उजाडल्यावर, देवकाबाई दुबेळकी, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली काठी घेऊन खळ्यापाशी गेल्या आणि काट्या ओढायला लागल्या. एकट्याच. थोड्या वेळाने बौद्धवाड्यातल्या बायका आल्या, भिल्लवस्तीतल्या आल्या. मग पाटलांच्या आळीतून दोघी-तिघी आल्या, मग आणखी. मी पोहोचले तेव्हा काट्यांचा ढीग नाल्यात पडला होता आणि बायका हातातले काटे काढत बसल्या होत्या, एका रांगेत, कोण कुठल्या अंगाची ते न बघता. मला तो दिवस आवडला. माझ्या नोकरीत असे दिवस फार आले नाहीत. संगीता तिथे नव्हती. तिला घरातून सोडलं नव्हतं.

आबांनी कुंपण पुन्हा घातलं नाही. त्यांनी देवकाबाईंना कामावर येऊ नको असंही सांगितलं नाही, त्याची गरजच पडली नाही. मुकादम त्यांना वगळून बाकीच्या बायका बोलवू लागला. मग एक दिवस तहसील कार्यालयातून माझ्याकडे कागद आला. सरपंचांविरुद्ध अविश्वासाचा ठराव दाखल झाला होता. कारणं नेहमीचीच, सदस्यांना विश्वासात न घेणे, मनमानी कारभार करणे. ज्या बाईला आपल्याच खुर्चीवर बसायला कुणी 'बसा' म्हणेपर्यंत थांबावं लागत होतं, तिचा मनमानी कारभार.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सदस्य सात होते. सरपंचाला काढायचं तर त्यातल्या पाचांचे हात वर जायला हवेत, आणि सभा तहसीलदारांसमोर होते. आबा आणि त्यांची दोन माणसं, असे तीन नक्की. चौथी त्यांच्या भाऊबंदातली एक वयस्क बाई, ती आबा म्हणतील तसं करणार. भिल्लवस्तीतला सदस्य देवकाबाईंच्या बाजूने होता. स्वतः देवकाबाई. उरली संगीता. पाचवा हात तिचा होता.

सभेच्या दिवशी मी सकाळीच पंचायतीत जाऊन खोली झाडून घेतली. देवकाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, खुर्चीवर नाही, खाली. तहसीलदारांची जीप यायची होती. पुरुष बाहेर पारावर वाट पाहत होते. संगीता आली, सोबत नवरा होता. तो दारापाशी तिला सोडून पाराकडे गेला. खोलीत आम्ही तिघीच.

संगीताने पदर मागे घेतला. तिचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिला. गालावर एका बाजूला काळानिळा डाग होता. ती देवकाबाईंशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, मी हात वर करणार नही."

मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. मला स्वतःला बरं वाटलं होतं, मी मनातल्या मनात बेरीज करून मोकळी झाले होते. पण देवकाबाईंनी विचारलं, "मंग सांजले कोना घर जाशी?"

"पाचोऱ्याले जासू."

"बाप ठेवी तुले?"

तिच्या पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, हे मला तिच्याकडूनच पुढे कळलं.

"पोर कोठे शे?" देवकाबाईंनी विचारलं. संगीताला दीड-दोन वर्षांची मुलगी होती.

"घर शे. सासूजवळ."

"ती देतीन का तुले?"

बाहेर जीपचा आवाज आला, पारावरची माणसं उठली. देवकाबाईंनी संगीताचा पदर हातात घेतला आणि तिच्या डोक्यावरून पुढे ओढून दिला, सासू नव्या सुनेला देते तसा. म्हणाल्या, "हात वर कर. मी मजूर बाई, मी मना घर जासू. माले कोन मारी? तुले त्याच घरमा ऱ्हानं शे."

"अक्का, जागा तुम्ही सोडाई दिधी. मंग मी..."

"जागा सुटनी ना. मंग झायं. खुर्ची काय डोकावर ल्ही जानी शे?"

तहसीलदार आत आले. तरुण होते, घाईत होते, दुपारी दुसऱ्या गावात अशीच सभा होती. ठराव वाचला गेला. सरपंचांना बोलायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. देवकाबाई म्हणाल्या, "नही." हात मोजायची वेळ आली. खिडकीच्या गजांपाशी संगीताचा नवरा उभा होता. तीन हात गेले, म्हातारीचा गेला. मग संगीताचा हात कोपरापर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. तहसीलदार म्हणाले, "ताई, वर की खाली, नीट सांगा." तिने पदरातून देवकाबाईंकडे पाहिलं. देवकाबाईंनी मान हलवली. हात वर गेला.

ठराव मंजूर झाला. अनुसूचित जातीतली दुसरी बाई सदस्यांत नव्हती, म्हणून पुन्हा निवडणूक होईपर्यंत सरपंचाचा कार्यभार उपसरपंचांकडे, म्हणजे आबांकडे गेला. कायद्यात बसणारं होतं ते सगळं. मी तसं लिहिलं, वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. देवकाबाईंची सही मला आठवते, तीन महिन्यांपूर्वी प्रौढ वर्गात शिकलेली, अक्षरं मोठी आणि एकमेकांपासून लांब. सही करून त्या उठल्या आणि सरळ चालत घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गावात कामाला जाऊ लागल्या, पायी, कारण आपल्या गावात त्यांना कुणी बोलवत नव्हतं.

मी त्यानंतर वर्षभर त्या गावात होते. देवकाबाई भेटल्या की मीच अवघडून जाई, त्या नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, पुढच्या निवडणुकीला उभ्या राहा, मी मदत करते. त्या म्हणाल्या, "बाई, माले आते कटाया येस." कंटाळा. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत या गोष्टीवर एकही धडा नव्हता. बायकांना कायदा माहीत नसतो, लिहिता येत नाही, भीती वाटते, हे सगळं होतं. एकदा सगळं करून बघितलेल्या बाईला कंटाळा येतो, हे नव्हतं. मलाही तोवर येऊ लागला होता, पण मला पगार मिळत होता.

उन्हाळ्यात आबांच्या घरामागे वीट पडली. मी विचारलं तर आबा म्हणाले, "तुमनंच आयकं बाई. संडास बांधस." गावातला पहिला संडास. पक्क्या भिंती, लोखंडी दार, वर टाकी. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, ते झालं. पंचायत समितीतून साहेब बघायला आले, आबांबरोबर फोटो काढला, आणि माझं नाव घेऊन सगळ्यांसमोर चार चांगले शब्द बोलले. नोकरीत माझं असं कौतुक तेवढं एकदाच झालं.

बदलीचा हुकूम आल्यावर मी निरोप घ्यायला घरोघर गेले. आबांच्या घरी ताक झालं. उठताना मी म्हटलं, संगीताला भेटून जाते. आबा म्हणाले, "भेटा ना, मांघे शे." मागच्या दाराशी ती धुणं वाळत घालत होती. मुलगी पायाशी खेळत होती. बरी दिसत होती ती, अंगानेही भरली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, देवकाबाई भेटतात का.

"नही," ती म्हणाली. "पहिले रोज भेटेत, पहाटे. आते कोनीच भेटत नही."

तिने धुण्याचा पिळा झटकला आणि हनुवटीने त्या नव्या लोखंडी दाराकडे दाखवलं.

"आते घरमाच शे ना, बाई. बाहेर जावानं काही कामच नही ऱ्हायनं."